हानुसचा डावा पाय

हानुसला राग आला की आधी हात सुटायचा, शब्द मागाहून यायचे. आमच्या बेटावर, नोर्दविक गावात, असा पुरुष शोधून सापडला नसता, ज्याने त्याचा ठोसा खाल्ला नव्हता किंवा खाता खाता वाचला नव्हता. मच्छीच्या कारखान्यात त्याने एका डॅनिश सुपरवायझरला हातातल्या कॉड माशानेच झोडपलं होतं. मासा तुटला, पण हा थांबला नाही, उरलेल्या शेपटीने मारत राहिला. शरदात मेंढ्या कापायला मात्र त्याला घराघरातून बोलावणं यायचं, कारण त्याच्या हाताखाली मेंढीला ओरडायलाही सवड मिळत नसे. आणि ग्रिंड आली, म्हणजे देवमाशांचा कळप खाडीत शिरला, की पाण्यात पहिली उडी हानुसची. कंबरभर पाण्यात, तोंडावर रक्ताचे फवारे झेलत, मेलेल्या देवमाशावर पाय देऊन पुढच्या जिवंत देवमाशाकडे झेपावणारा तो दांडगा गडी बघून म्हातारे म्हणायचे, "साकारिसचं पोर ते. दुसऱ्या कोणाचं असणार?"

साकारिस म्हणजे हानुसचा बाप. तोही असाच होता. त्याला साखरेचा आजार जडला, अंगठा काळा पडला, डॉक्टर म्हणाले अंगठा काढू. साकारिसने डॉक्टरला जिन्यावरून ढकलून दिलं. मग अंगठ्याच्या जागी पाऊल गेलं, पावलानंतर पाय गेला, आणि वर्ष-दोन वर्षांत दुसराही मांडीपासून कापावा लागला. उरलेला साकारिस खिडकीतल्या खुर्चीत आणून ठेवला. खिडकीतून खाडी दिसायची. ग्रिंड आली की तो तावदान धाडकन उघडायचा आणि थुंकी उडवत ओरडायचा, "मारा! अजून! अजून मारा!" ग्रिंड नसली की हाताला येईल ते बायकोवर फेकायचा. पाईप पेटवून दे म्हणून पोरांना जवळ बोलवायचा आणि जवळ आलं की कानाखाली जाळ काढायचा. हानुसला त्या माराचं काही वाटलं नाही. मार तर सगळेच खात होते. त्याने धसका घेतला तो खुर्चीचा. पुढे लग्न झाल्यावर दोन घोट पोटात गेले की तो मार्यूनला, त्याच्या बायकोला, म्हणायचा, "मला दगड बांधून बुडव, कड्यावरून ढकल, काय वाटेल ते कर. पण त्या खुर्चीत बसवू नकोस."

म्हातारा गेल्यावरही खुर्ची काही मार्यूनने टाकली नाही. चांगली ओकची होती.

आता जबड्याचं सांगायला हवं, कारण ते सांगितल्याशिवाय हानुसची गोष्ट पुरी होत नाही. ट्रोंडुर हा हानुसचा थोरला भाऊ. एकाच बापाचे दोघे, पण ट्रोंडुर थंड डोक्याचा. म्हणून तर गावाने त्याला ग्रिंडचा फोरमन केलं. कधी सुरू करायचं ते फोरमन सांगतो, कधी थांबायचं तेही तोच सांगतो, आणि त्याचा शब्द मोडायचा नसतो. त्या वर्षी कळप भलताच मोठा आला. दोन गावांना पुरून उरेल इतकं मांस किनाऱ्याला लागलं तेव्हा ट्रोंडुरने हात वर केला आणि खणखणीत ओरडला, "पुरे!" होड्यांनी वाट मोकळी केली, उरलेले देवमासे समुद्राकडे वळले. सगळे थांबले. खिडकीतून साकारिस मात्र किंचाळतच होता, "अजून! अजून!" आणि हानुसही थांबला नाही. समुद्राकडे वळलेल्या एका मादीच्या मानेत त्याने बापाची सुरी मुठीपर्यंत खुपसली. तिच्या मागच्या पिल्लालाही सोडलं नाही. ट्रोंडुर पाण्यात उतरला, त्याने भावाचा दंड धरला. हानुसने वळून सुरीच्या मुठीसकट ठोसा हाणला. हाड मोडल्याचा आवाज काठावर ऐकू आला. ट्रोंडुरचे दात त्या लाल पाण्यात पडले, कोणाला सापडले नाहीत.

"मला ऐकूच आलं नाही," हानुस सगळ्यांना सांगायचा. "एवढा गलका. कोणाला ऐकू येणार?"

ट्रोंडुरने पोलिसांत काही सांगितलं नाही. दगडावरून घसरलो म्हणाला. पण जबडा वाकडाच सांधला गेला. त्याचे शब्द तोंडाच्या एका बाजूने, शीळ घातल्यासारखे यायला लागले, आणि मोठ्याने ओरडणं तर कायमचं संपलं. गावाने तरी त्यालाच फोरमन ठेवलं. तो नुसता हात वर करायचा आणि लोक त्याच्या हाताकडे बघायचे. भावांचं बोलणं मात्र त्या दिवसापासून बंद. एकाच रस्त्यावर समोरासमोर घरं, आणि एकमेकांना बघून न बघितल्यासारखं करायचं.

पन्नाशी उलटली तशी हानुसलाही साखर लागली. त्याने तिला भीक घातली नाही. त्याची मुलगी सोल्वा शहरात, तोर्शहावनला, प्रयोगशाळेत कामाला होती. माणसांच्या पोटातून काढलेला चरबीचा कण भिंगाखाली ठेवायचा आणि त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती घुसल्यात ते बघायचं, हे तिचं रोजचं काम. नाताळला घरी आली की ती स्वयंपाकघराच्या टेबलावर बापाचंही रक्त काढून घ्यायची आणि आकडा बघून कपाळाला हात लावायची.

"मी केकला शिवतसुद्धा नाही," हानुस म्हणाला. समोर ताटात देवमाशाची चरबी आणि बटाटे. "केक तुझी आई खाते. मग साखर मलाच कशी?"

"केकचं नाही रे बाबा. पोट बघ तुझं."

"पोटाला काय झालं? भरलंय."

"भरलंय तेच झालंय. चरबीच्या पेशी फुगतात, फुगता फुगता काही मरतात. मग ते मढं उचलायला पांढऱ्या पेशी येतात. झाडू मारणाऱ्या आणि वेळ पडली तर लढणाऱ्या, दोन्ही कामं त्यांचीच. त्या आल्या की हाळी देतात. तोंडाने नाही, रसायन सोडून. इकडे गडबड आहे, या सगळे."

"ग्रिंडच्या हाळीसारखं."

"तस्संच. हाळी ऐकून अजून येतात, त्या आणखी हाळी देतात. फक्त खाडीत देवमासा नाही. शत्रू कोणीच नाही आणि सगळ्यांच्या हातात सुऱ्या. मग काय करणार? आपल्याच घराच्या भिंती फोडतात. त्या दंगलीत इन्सुलिन येऊन दार ठोठावतं, ते कोणाला ऐकू जात नाही. साखर बाहेर रक्तातच राहते आणि पायातल्या नसा खात बसते."

"म्हणजे माझ्या पोटात मारामारी चालू आहे?"

"कित्येक वर्षं. बारीक धुमसतंय, म्हणून दुखत नाही."

हानुसला मनातून ते आवडलं असावं. त्याने चरबीचा तुकडा तोंडात टाकला. "आणि थांबवतं कोण? त्यांना फोरमन नसतो?"

"असतो. 'पुरे' म्हणणाऱ्या पेशीसुद्धा असतात. तुझ्या पोटात त्या कमी पडल्यात."

"कोणीतरी जबडा मोडला असेल त्यांचा," मार्यून भांडी घासता घासता म्हणाली.

हानुसच्या हातातला कप तिच्या डोक्यावरून जाऊन भिंतीवर फुटला. सोल्वाने त्याच रात्रीची बस धरली. गोळ्यांची पाकिटं ती टेबलावर ठेवून गेली होती, ती हानुसने मेंढ्यांच्या गोठ्यातल्या फळीवर टाकली, आणि तिथेच त्यांच्यावर धूळ बसली.

पुढच्या उन्हाळ्याअखेर ग्रिंड आली. हानुस चर्चच्या कुंपणाला रंग देत होता. हाळी ऐकली आणि डबा तिथेच लाथाडून तो धावत सुटला. पायात लोकरीचे मोजे आणि मेंढ्यांमागे घालायचे रबरी बूट. तरणीताठी पोरं हल्ली रबरी पोशाख चढवून उतरतात, त्यांच्याकडे बघून तो थुंकला आणि होता तसा पाण्यात शिरला. होड्यांनी कळप रेटत आणला. पहिला देवमासा वाळूला लागताच हानुसने त्याच्या नाकपुडीत बोथट आकडा टाकला, काठावर त्याचा दोर धरलेल्या माणसांनी हिसडा दिला, आणि भाला मानेत गेला. प्राणी एकदा थरथरला आणि थंड झाला. मग दुसरा, मग तिसरा. शेपटीच्या फटक्याने एकाची बरगडी गेली, त्याला बाजूला ओढून टाकलं आणि पुन्हा सगळे भिडले. पाणी आधी गुलाबी झालं, मग लाल, मग इतकं दाट की हात बुडवला तर बोटं दिसेनात. हानुस हसत होता. तोंडात रक्त जात होतं, ते थुंकत तो हसत होता.

त्या गर्दीत कधीतरी त्याचा डावा पाय तळाशी पडलेल्या जुन्या आकड्यावर पडला. बापाच्या काळातले ते धारदार आकडे, आता बंदी आहे त्यांच्यावर, पण समुद्राच्या तळाला बंदी कोण सांगणार. गंजलेलं टोक बुटाचा तळ, मोजा आणि तळव्याची कातडी फोडून वर अंगठ्याच्या मुळाशी रुतलं. हानुसला काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. त्याने पाय झटकला, आकडा सुटला आणि तो पुढच्या देवमाशाकडे गेला. दुखलं नाही. साखरेने त्या पायातल्या नसा केव्हाच खाऊन टाकल्या होत्या. रक्त दिसलं नाही, कारण सगळी खाडीच रक्ताची.

आणि मग नाच. इतर गावांनी सोडला असेल, नोर्दविकने नाही सोडला. ग्रिंड मारली की अंगावरचे ओले कपडे न काढता सगळ्यांनी सभागृहात जायचं, हात धरून रिंगण करायचं आणि अंगात ऊब येईपर्यंत पाय आपटायचे. हानुस रिंगणात सगळ्यात जोरात पाय आपटणारा. त्याच्या पायाखालची फळी दणदणायची आणि प्रत्येक दणक्याला बुटातून पचकन रक्त यायचं. फळ्यांवर लाल ठसे उमटत गेले. पण रिंगणातल्या सगळ्यांच्याच बुटांतून, बाह्यांतून, दाढ्यांतून लाल पाणी गळत होतं. कोणी म्हणून बघितलं नाही. मार्यून रिंगणात त्याच्या शेजारीच होती, त्याचा हात धरून. तिनेही बघितलं नाही, आणि हे तिच्या मनाला पुढे फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मोजा पायाला चिकटलेला निघाला. हानुसने तो ओढून काढला, कातडीही बरोबर आली. भोक बघून त्याने शिवी हासडली, वर चिंधी गुंडाळली आणि नवा मोजा चढवला. मार्यूनला काही सांगितलं नाही. ती डॉक्टरला बोलवू म्हणाली असती, आणि डॉक्टर म्हटलं की त्याला ओकची खुर्ची दिसायची.

घरात वास येऊ लागला. आता आमच्या घरांत वासाची चौकशी कोण करतं! घरामागच्या खोपीत, फळ्यांच्या फटींतून वारा खात, ग्रिंडचं मांस टांगलेलं होतं, आणि ते मुरताना वास येतोच. मार्यून रोज खोपीत जाऊन एकेक तुकडा हुंगायची. कुठला नासलाय ते तिला कळेना. एक अख्खी लांब पट्टी तिने संशयावरून कुत्र्याला टाकली. कुत्र्याने आवडीने खाल्ली. मग एका दुपारी हानुस बाकावर झोपला असताना ती त्याचे बूट उचलायला वाकली आणि तिला नेमकं कळलं नासलंय काय. तिने मोजा खाली सरकवला. दोन बोटं काळी, पाऊल सुजून वांग्यासारखं, आणि घोट्यावरून वर चढत गेलेली लाल रेघ.

हानुसला जाग आली. "हात काढ."

"हानुस, अरे हे..."

"हात काढ म्हटलं ना!" त्याने झोपल्या झोपल्याच तिला उजव्या पायाने ढकललं. ती चुलीवर जाऊन आदळली, कपाळ फुटलं. "डॉक्टरला फोन केलास तर त्याला जिन्यावरून टाकीन. आणि मागोमाग तुला."

मार्यून उठली. कपाळावर फडकं दाबून भांडी आवरत राहिली. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती काळा झगा घालून चर्चला म्हणून निघाली आणि रस्ता ओलांडून ट्रोंडुरच्या दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत त्या उंबऱ्याला तिचा पाय लागला नव्हता.

"तुझा भाऊ मरतोय," ती म्हणाली. "आणि मरताना मला घेऊन जाईल असं दिसतंय."

ट्रोंडुरने तिच्या कपाळाकडे बघितलं आणि टोपी घातली.

हानुस तोवर खोपीत गेला होता. अंगात ताप फणफणत होता, भिंत धरून धरून गेला. मांस तोडायच्या ठोकळ्यावर त्याने डावा पाय ठेवला, बापाची सुरी दगडावर घासली आणि मेंढीचा खूर तोडतात तसा सांधा चाचपून पहिलं बोट तोडलं. काही वाटलं नाही. त्याने दुसरं तोडलं. तेही दुसऱ्याच कोणाचं असावं तसं ठोकळ्यावरून खाली पडलं. मग हानुसला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा इतकी. आपल्या पायावर आपणच सुरी चालवतोय आणि दुखत नाही. तो रडायला लागला आणि रडता रडता, आता कुठेतरी दुखलंच पाहिजे अशा हट्टाने, काळं मांस खरवडत सुटला. सुरी वर वर सरकत गेली. चांगल्या मांसाला लागली तरी तो थांबला नाही. पू आणि रक्त ठोकळ्यावरून वाहत होतं, वर टांगलेल्या पट्ट्या वाऱ्याने हलत होत्या.

दार ढकलून ट्रोंडुर आत आला. ठोकळ्याखाली पडलेली ती दोन बोटं त्याने बघितली.

"ठेव ती सुरी."

"ये! बघायला आलास? जबड्याचा हिशेब चुकता करायला आलास?"

"ठेव, हानुस. पुरे झालं."

हानुसने ठोकळ्यावरून झेप घेतली. एका पायावर, तापाने डोळे तारवटलेले. सुरी ट्रोंडुरच्या दंडात उतरली आणि कोपरापर्यंत चीर पाडून गेली. ट्रोंडुर मागे सरला नाही. दोघे टांगलेल्या मांसाला धडका देत, पट्ट्या अंगावर पाडत, फळ्यांवर आदळत राहिले. हानुस चावला. ट्रोंडुरने त्याचं मनगट धरून ठोकळ्याच्या कडेवर आपटलं, पुन्हा आपटलं, सुरी गळाली. मग त्या थंड डोक्याच्या माणसाने मूठ आवळली आणि भावाच्या जबड्यावर मनापासून एक ठेवून दिली. इतक्या वर्षांची होती ती. हानुस मांसाच्या ढिगात आडवा झाला.

"मोडला का रे त्याचा?" दारातून मार्यूनने विचारलं.

"नाही," ट्रोंडुर दंड दाबत म्हणाला. "मला जमत नाही त्याच्याइतकं." आणि भावाला पाठीवर टाकून तो गाडीकडे निघाला. दोघांचं रक्त त्याच्या पाठीवरून एकत्रच गळत होतं.

तोर्शहावनच्या मोठ्या हॉस्पिटलात हानुसला सलाइन, औषधं सगळं लावलं. ताप उतरला तेव्हा खाटेच्या एका बाजूला सोल्वा होती, दुसऱ्या बाजूला सर्जन बाई. बाई म्हणाली, "पाऊल वाचवायचा प्रयत्न करू शकते. पुन्हा पुन्हा खरवडावं लागेल, आणि वाचेलच असं नाही. जमलं नाही तर विष वर चढेल, मग मांडीपासून जाईल. किंवा आत्ताच गुडघ्याखालून काढते. गुडघा राहिला तर कृत्रिम पायावर चालशील. तू ठरव."

ती गेल्यावर हानुसने मुलीकडे बघितलं. "तुझी ती पांढरी फौज कुठे मेली? पोटात एवढा दंगा घालते. पायात खरा शत्रू शिरला तेव्हा का नाही धावली?"

"उशिरा आली. दमलेली, साखरेत लडबडलेली." सोल्वाने त्याच्या पायावरची चादर नीट केली. "आणि आली ती थांबेना, बाबा. जखम झाली की पहिली टोळी मारते. तिचं काम झालं की तीच माणसं सुरी ठेवतात आणि डागडुजीला लागतात, नवं मांस विणतात. तुझ्या पायात ती पाळी आलीच नाही. मारणारी मारतच राहिली. आता तिथे जंतूंनी नासवलं किती आणि आपल्यांनी किती, मला वेगळं करून सांगता येणार नाही."

खोपीत चांगल्या मांसात फिरलेली सुरी हानुसला आठवत होती. "माझ्या बापाने अंगठा दिला नव्हता," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"गुडघा राहील नक्की?"

"आज केलं तर राहील."

"मग बोलव तिला. आजच काप म्हणावं." आणि मग तोंड भिंतीकडे करून म्हणाला, "आणि तुझ्या आईला सांग, ती खुर्ची फोड. माझ्यासमोर नको. मी यायच्या आत."

मार्यूनने खुर्ची कुऱ्हाडीने फोडली. कपाळावरची खोक भरायच्या आतच फोडली, आणि शेजाऱ्यांचं म्हणणं असं की एका खुर्चीला लागतात त्याहून कितीतरी जास्त घाव घातले.

कृत्रिम पाय हानुसला मानवेपर्यंत घरात आणखी बरीच आदळआपट झाली. तो पायच त्याने दोनदा भिंतीवर फेकला. बायकोवर मात्र नाही. तो हात उगारायचा आणि मार्यून कपाळावरचा व्रण त्याच्यासमोर धरून उभी राहायची. मग उगारलेला हात खाली यायचा. गोळ्या टेबलावर आल्या, चरबीचं ताट लहान झालं. तो एकदम साधू झाला असं कोणी समजू नये. पोस्टमन अजूनही लांबूनच हाक मारतो. ट्रोंडुर रविवारी कॉफीला येऊ लागला. दोघे समोरासमोर बसायचे आणि हवामानाबद्दलच काय ते बोलायचे.

मग धुक्याच्या एका सकाळी ग्रिंड आली. हानुस पाण्यात उतरणार नव्हता, पण काठावरून दोर ओढायला दोन पाय लागतात असं कुठे आहे. तो काठावर, ओढणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यात मागे, कृत्रिम पाय दगडाला अडकवून उभा राहिला. ओढ म्हटलं की ओढायचं. पुढे पाण्यात तेच सगळं चाललं होतं, फवारे, फटके, भाले, आरडाओरडा. रक्ताचा उबट वास धुक्यात मिसळून वर येत होता आणि हानुसच्या हाताच्या शिरा आपोआप तटतटत होत्या.

पुरेसे देवमासे काठाला लागले. ट्रोंडुर गुडघाभर पाण्यात उभा होता, त्याने हात वर केला. पण धुकं असं की हात कोणाला दिसेना. तो ओरडला, पण त्या वाकड्या जबड्यातून शीळच आली. तरणी पोरं मारतच राहिली. उरलेल्या कळपाने समुद्राकडे तोंड वळवलं होतं, तरी दोघे-तिघे त्यांच्या मागे गळाभर पाण्यात घुसले. एकाचा भाला प्राण्याला लागण्याऐवजी शेजारच्या माणसाच्या खांद्यात गेला. तो किंचाळला, आणि ते किंचाळणंही बाकीच्यांना चेव आणणारंच वाटलं. ट्रोंडुर पुन्हा ओरडला. पुन्हा शीळ. ती काठावर हानुसला ऐकू आली.

हानुसने दोर सोडला. बापाची सगळी छाती त्याला मिळाली होती. ती त्याने भरून घेतली आणि ओरडला.

"पुरे!"

समोरच्या डोंगरावरून तो आवाज परत आला. खाडीतली माणसं जागच्या जागी थिजली. म्हाताऱ्यांनी तर नकळत साकारिसच्या खिडकीकडे माना वळवल्या. खिडकी बंद होती. भाले खाली आले. जखमी माणसाला काठावर आणलं, आणि उरलेल्या देवमाशांचे काळे पर धुक्यात एकामागोमाग एक दिसेनासे झाले.

ओरडण्याच्या भरात हानुसचा पाय दगडातून निसटून तो बसकण मारून खाली पडला होता. ट्रोंडुर पाण्यातून चालत आला आणि त्याला उठवायला हात पुढे केला.

"ऐकू आलं बाबा तुला शेवटी," तो तोंडाच्या एका बाजूने म्हणाला. "एवढ्या गलक्यात."

हानुसने हात धरला, पण उठला नाही. भावाच्या वाकड्या जबड्याकडे बघत राहिला.

"तेव्हाही आलं होतं," तो म्हणाला.

ट्रोंडुरने त्याचा हात सोडला. मग थोड्या वेळाने तो तिथेच ओल्या दगडावर भावाशेजारी बसला. सभागृहात नाच सुरू झाल्याचा दणदणाट येऊ लागला, तरी दोघे उठले नाहीत.